तुमच्या नावाखाली मी जे लिहिलं

अहो,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. राग आलेला असताना तो शब्द लिहायचा म्हणजे पुन्हा खोटंच झालं, आणि खोटं लिहून लिहून माझे हात विटलेत.

गेल्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. भावकी जेवून गेली. हात धुता धुता तिघाचौघांनी म्हटलं, “फौजी लई हसतमुख गडी व्हता.” हसतमुख! तुम्ही शेवटचे कधी हसला होतात ते मला बायको असून आठवत नाही, आणि यांना बरं आठवतं! मी पत्रावळी गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी मी भोरला गेले, नसीमभाभीकडे. तेच एसटी स्टँडजवळचं दुकान, पुढं फोनची काचेची खोली आणि आत दोन कॉम्प्युटर. तुमच्या माजी सैनिकांच्या इंटरनेटवरच्या ग्रुपवर डॉक्टरसाहेबांनी निरोप ठेवला होता की वर्ष झालं, वहिनींनी हवालदारांविषयी, म्हणजे तुमच्याविषयी, दोन शब्द लिहावेत. मी खुर्चीत बसले, बोटं की-बोर्डवर ठेवली, पण एक अक्षर उमटेना. भाभी बराच वेळ बघत होती. मग माझ्यापुढं चहा ठेवून शेजारी बसली.

“मंगलताई, एक सांगू का? वरीस झालं, पोटात ठिवलंय. तुमचं मालक एकदा एकलेच आल्ते हितं. बुधवार व्हता.”

“एकटे? कशाला?”

“माझा चष्मा मागितला. म्हणले, माझ्या नावाखाली आजवर जे जे लिव्हलंय ते समदं काढून द्या. म्या काढून दिलं. लई येळ वाचत बसले, एकेका अक्षरावर बोट ठिवून.”

“मग?”

“मग काय न्हाई. चष्मा पुसून परत दिला. म्हणले, भाभी, तिला सांगू नका.”

म्हणजे तुम्ही वाचलं होतंत! सगळं वाचलंत, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाल्लीत. मी विचारलं होतं, “कुठं गेला होता?” तर म्हणालात, “टपालात.” आज म्हणून हे पत्र लिहितेय. एवढं कळल्यावर गप्प कशी बसू?

तुम्हाला त्या ग्रुपमध्ये मीच ओढून नेलं होतं. आठवतं का? फौजेतून सुटून विंझरला आलात त्याला सहा-सात वर्षं झाली होती. शेतीत लक्ष नाही, कंपनीतली वॉचमनची नोकरी महिन्याभरात सोडलीत. का सोडली विचारलं तर म्हणालात, “दुसरा गडी माझ्या जागी ड्युटी करतो म्हणाला.” हे काय कारण झालं? मला वाटलं, नवरा माझा आळशी झाला.

आणि ते दळण! शेजारचे बापू चांगल्या मनानं म्हणाले, “फौजी, मी गिरणीला चाललोयच, तुमचं पण डबडं नेतो.” घेऊन निघाले. तुम्ही अनवाणी रस्त्यापर्यंत पळालात, त्यांच्या डोक्यावरचा डबा हिसकून घेतलात, ज्वारी अर्धी धुळीत सांडली. “माझं काम हाय! माझ्या जागी तू का चाललास?” असं ओरडत होतात. सगळी आळी बघत होती. त्यानंतर महिनाभर पोरं आपल्या दारावरून जाताना ‘दळण, दळण’ करून हसायची.

तेव्हा भोरच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात पुण्याचे एक डॉक्टर आले होते, फौजेतूनच निवृत्त झालेले. त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. ज्यांना झोप येत नाही, राग आवरत नाही, जुनं काही डोक्यातून जात नाही, अशा फौजींनी दर रविवारी चार वाजता इंटरनेटवर एकत्र यायचं, मनातलं लिहायचं, दुसऱ्याचं वाचायचं. दवाखाना नको, रांग नको, कुणी तोंड बघणार नाही. मी ती चिठ्ठी तुमच्या सदऱ्याच्या खिशात बघितली आणि तुमच्या मागंच लागले. मला टायपिंग येत होतं, लग्नाआधी भोरलाच मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेली. तुम्हाला चाळिशी लागलेली, पण चष्म्याचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, “मी काय म्हातारा झालो व्हय?” म्हणून ठरलं, तुम्ही सांगायचं आणि मी टाइप करायचं. नसरापूरला गाडी बदलून आपण दर रविवारी जायला लागलो. लोकांना वाटलं, जोडी बाजाराला चालली.

पहिले दोन रविवार काय झालं ते आठवलं की अजून संताप येतो. डॉक्टरसाहेबांनी सुरुवातीलाच लिहिलं होतं की इथे रँक नाही, सगळे सारखे. पण फौजेचं पाणी मुरलेलं, ते काय असं जातं? आधी एका सुभेदारसाहेबांनी लिहिलं, राम राम, सुभेदार अमुक हाजिर, सब ठीक है. मग नायब सुभेदार, मग हवालदार, मग नाईक, मग शिपाई. वरच्यानं लिहिल्याशिवाय खालचा लिहीत नव्हता, आणि वरच्यानं ‘सब ठीक’ म्हटल्यावर खालचा कोण म्हणणार की माझं बिनसलंय? पंधरा जण, पंधरा वेळा ‘सब ठीक’. डॉक्टर बिचारे परत परत लिहायचे, अरे बाबांनो, कुणीतरी खरं बोला. तेव्हा मी हसले होते. तुम्ही हसला नाहीत.

तिसऱ्या रविवारी तुमची पाळी आली आणि तुम्ही खुर्चीत ताठ बसलात, दोन्ही हात गुडघ्यांवर, साहेबासमोर उभं असल्यासारखे. माझ्याकडे बघितलं नाहीत. पडद्याकडे बघून बोलायला लागलात.

“लिव्ह. वर बर्फात आमची चौकी व्हती. त्या दिवशी रसद आणायची पाळी माझी व्हती. मला ताप व्हता. दशरथ म्हणला, तू पड, मी जातो तुझ्या जागी. मी व्हय म्हणलो. वरनं बर्फ आलं. तीन दिसांनी घावला.”

मग थांबलात. मी टायपिंग विसरून तुमच्याकडे बघत होते. दशरथ! तुमचा जोडीदार, सांगलीकडचा, ज्याचा फोटो ट्रंकेत होता आणि ज्याच्याबद्दल विचारलं की तुम्ही उठून गोठ्यात जायचात. वीस वर्षांचा आपला संसार, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. तीही मला सांगितलेली नाही, एका काचेला सांगितलेली!

“लिव्ह फुडं,” तुम्ही म्हणालात. “पाळी माझी व्हती. मरायला मी पायजे व्हतो. मला आता रोज वाटतं, हितं राहू न्हाई. दशरथच्या घरच्यांना ह्यातलं काय ठावं न्हाई. कुणाला त्यांचा पत्ता ठावा असंल तर द्यावा. लिव्हलंस का?”

“लिहिलं,” मी म्हणाले.

मी काय लिहिलं होतं, ते तुम्ही त्या बुधवारी वाचलंतच. ‘हवालदार हाजिर. कधी कधी जुन्या दोस्ताची आठवण येते. झोप थोडी कमी आहे. बाकी सब ठीक.’

का केलं मी असं? तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. त्या ग्रुपवरचे ते सुभेदारसाहेब कोण, हे तुम्हालाही ठाऊक होतं. आपल्या मनीषाला बघून गेलेल्या मुलाचे सख्खे मामा! सोयरीक अजून पक्की व्हायची होती. एवढं चांगलं घर, मुलगा भोरला कॉलेजात क्लार्क. मामा बहिणीच्या घरी जाऊन म्हणाले असते, पोरीच्या बापाचं डोकं ठिकाणावर नाही, जीव द्यायची भाषा करतो, तर? मोडली असती की सोयरीक! मला वाटलं, आज एवढं झाकते, लग्न उरकलं की सगळं बोलू द्या त्यांना, पोटभर.

पण खरं सांगू? मनीषाचं लग्न हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं माझ्या हातालाच लागलेलं होतं. मी चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासून माहेरच्या गावात बायांची पत्रं लिहून द्यायचे. घरटी एक माणूस फौजेत, आणि बायांना लिहिता येत नव्हतं. सगळ्या म्हाताऱ्यांचा एकच नेम, फौजीला वाईट बातमी पत्रातनं कळवायची न्हाई, तिथं त्याचं ध्यान उडतं. बैल मेला तर लिहायचं, बैल विकला. पोर गेलं तर काहीच लिहायचं नाही. बाई पदर तोंडात घालून माझ्यासमोर रडायची, आणि मी लिहायचे, इकडे सर्व खुशाल. सगळ्या गावाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट म्हणायच्या, मंगलीचा हात लई चांगला!

लग्न होऊन तुमच्या घरी आले तरी माझा हात तोच. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही वर होतात, रस्ता बंद झालेला, तुम्हाला येता येणार नव्हतं. मामंजी म्हणाले, “लिव्ह सूनबाई, म्हातारी बरी हाय, दूध पिती.” तेराव्याचं जेवण झालं त्याच दिवशी मी ते लिहिलं. दोन महिन्यांनी तुम्ही सुट्टीवर आलात, हातात आईसाठी लोकरीची शाल, आणि दारातूनच हाक मारलीत. त्या सुट्टीत तुम्ही मामंजींशी एक शब्द बोलला नाहीत. मला मात्र जाताना म्हणालात, “मंगल, पुन्यांदा माझ्या बाबतीत असं करू नगंस.” मी मान हलवली होती.

आणि तरी केलं. एकदा नाही, सात रविवार केलं! तुम्ही सांगत गेलात, मी चाळत गेले. तुम्ही म्हणालात, ‘जेवताना घास उतरत न्हाई’, मी लिहिलं, ‘भूक बेताची’. तुम्ही म्हणालात, ‘पोरीच्या लग्नापतूर कसंबसं काढतो’, मी लिहिलं, ‘मुलीच्या लग्नाची गडबड आहे’. डॉक्टरसाहेबांनी उत्तरात अभिनंदन कळवलं. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही विचारलंत, “दशरथचं काय? पत्ता दिला कुणी?” मी म्हणाले, “नाही हो, कुणाला ठाऊक नाही.”

काय वाटलं असेल तुम्हाला? पंधरा माणसांसमोर काळीज उघडं केलं आणि एकाच्याही तोंडून ‘अरेरे’ निघालं नाही, उलट अभिनंदन! तुम्हाला वाटलं असेल, हीच माझी लायकी. म्हणूनच गेला असाल त्या बुधवारी, बघायला, की हे लोक असे दगड कसे.

त्यानंतरचे रविवार आठवतात आणि मला माझीच शिसारी येते. तुम्ही खुर्चीत बसलात आणि शांतपणे म्हणालात, “लिव्ह. झोप बरी हाय. बाकी समदं ठीक.” जसंच्या तसं! एक अक्षर बदलायची गरज नाही! मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, गुण आला ग्रुपचा. देवीला नारळ फोडला मी. शेजारणीला सांगितलं, आता बरं आहे यांचं. तुम्ही मला माझीच वाक्यं परत देत होतात, आणि मी नारळाचा प्रसाद वाटत फिरत होते.

अहो, पण तुम्ही भांडला का नाहीत? एका डब्यासाठी बापूंच्या अंगावर धावून गेलात, मग माझ्या अंगावर का नाही आलात? दोन थोबाडीत दिल्या असत्यात तरी मी समजले असते. तुमच्या जागी दळण न्यायला गेलेल्याला सोडलं नाहीत, आणि तुमच्या जागी बोलायला बसलेलीला सोडून दिलंत? मला लाज वाटू नये म्हणून? हा कसला चांगुलपणा! या चांगुलपणानं घर बुडालं माझं. दशरथची गोष्ट वीस वर्षांच्या संसारात एकदा तरी मला चुलीपुढं बसून सांगितली असतीत, तर मला ती तिऱ्हाइताच्या दुकानात, प्लास्टिकच्या खुर्चीत ऐकावी लागली नसती. चूक माझी आहेच, मी नाही म्हणत नाही. पण सगळी माझी नाही. एवढं तरी मला मेलेल्या नवऱ्याला ऐकवू द्या.

सोयरीक पक्की झाल्यावर पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. गावाला सांगितलं, अपघात. मामंजी म्हणाले, अपघातच. भावकी म्हणाली, अपघातच. मीही मान हलवली. आज पहिल्यांदा लिहिते आहे की तुम्ही आपल्या हातानं गेलात. लिहिलं, आणि आभाळ कोसळलं नाही. ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, बहादूर माणूस, कधी तक्रार नाही. तक्रार पोहोचू कुणी दिली होती?

घरात मरण झालं तर लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून सहा महिन्यांत मनीषाला उजवली. नवरीच्या बापाच्या जागी मामंजी बसले. तुम्ही असता तर कुणाला बसू दिलं नसतंत.

भाभीनं ते बुधवारचं सांगितल्यावर मला राहवेना. काल मी मनीषाच्या सासरी गेले. ती मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, तुम्ही काय बोललात आणि मी काय लिहिलं. ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली. मला वाटलं, रडेल. ती भडकली.

“माझ्या लग्नापायी? माझ्या लग्नापायी तू दादांचं बोलणं दाबलंस? मला इचारलंस का तवा?”

“अगं, तुझे मामेसासरे होते त्यात. त्यांना कळलं असतं तर...”

“काय कळलं असतं? आई, ते तिथं कशाला व्हते, ह्याचा कवा इचार केलास का?”

“कशाला म्हणजे? सुभेदारसाहेब ना ते,” मी म्हणाले.

“ते काय हजेरी घ्यायला बसले व्हते व्हय? अगं, मामांना झोप न्हाई. जेवताना दाराकडं पाठ करून बसत न्हाईत. मामी परवा सांगत व्हत्या, घरात कुणी हाक मारली तरी ते दचकत्यात. दर रविवारी चारला कॉम्प्युटरपुढं बसत्यात आन ‘सब ठीक’ लिव्हून उठत्यात. मामींनी इचारलं, असं का लिव्हता? तर म्हणले, भाचेसुनंचे वडील व्हते त्यात, त्यांना कळून सोयरीक मोडली असती तर? आन आता तीच सवय लागलीया!”

अहो, ऐकताय का? ते तुम्हाला घाबरत होते! तुम्ही हवालदार, ते सुभेदार, आणि ते तुमच्या पोरीच्या सोयरिकीला घाबरून गप्प! आणि मी त्यांना घाबरून तुम्हाला गप्प केलं. आजारी माणसांच्या ग्रुपमध्ये एक माणूस आजारी असेल, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही. मी त्या अंगणात सुपाशेजारी बसले. हसू येत होतं की रडू, मलाच कळेना. मनीषानं पाणी आणून दिलं, पण जवळ बसली नाही. तिचा राग जायला वेळ लागेल. गेला नाही तरी मी काय बोलणार?

निघताना तिला विचारलं, “मी ग्रुपवर खरं लिहिलं तर तुला इथं त्रास होईल. काय करू?” ती म्हणाली, “ह्या बारीला तरी मला पुढं करू नगंस. तुझं तू ठरव.”

ठरवलं. उद्या रविवार आहे. चार वाजता भाभीच्या दुकानात बसणार आणि तुम्ही त्या तिसऱ्या रविवारी जे बोललात ते शब्दाला शब्द लावून लिहिणार. खाली लिहिणार, हे तेव्हाच सांगितलेलं होतं, मी बदललं, मी त्यांची बायको. दशरथच्या घरचा पत्ताही विचारणार. ‘दोन शब्द’ मागितलेत ना डॉक्टरांनी? घ्या म्हणावं.

तुमची क्षमा मात्र मागत नाही. मागितली असती तर तुम्ही ‘असू दे’ म्हणाला असतात, आणि ते मला आता ऐकायचं नाही.

एकच वचन देते. माझं लिहून झाल्यावर सुभेदारसाहेब काही बोलले तर बोलले. नाही बोलले, तर सोमवारी पहिल्या गाडीनं त्यांच्या घरी जाईन, विहीणबाई म्हणून नाही, तुमची बायको म्हणून. समोर बसून विचारेन, कसे आहात. त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं, तर मी तिथून उठणार नाही.

राग धरूनही तुमचीच,
मंगल